पोचल्याचा फोन केला नाहीस म्हणून

6 नोव्हेंबर 2025

चि. बाळ्या,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवरच लिहिणार होते, पण फॅमिली ग्रुप तू सोडलास, आणि पर्सनलवर चार ओळींच्या वर काही पाठवलं की तुझा नुसता अंगठा येतो, म्हणून ईमेल करतेय. लांबणार आहे, चहा घेऊन बस. आणि घाबरू नकोस, बाईकचा विषय काढणार नाही असं मी पप्पांना कबूल केलंय.

भाऊबीजेच्या जेवणात जे झालं ते झालं. काका आपल्या कोल्हापूरच्या नव्या हायकोर्ट बेंचबद्दल बोलत होते, तू मधेच मतदार यादीतल्या घोळाचं काढलंस, काका म्हणाले तुम्हा पोरांना कशातच काही चांगलं दिसत नाही, तू म्हणालास तुम्हाला दाखवतील तेवढंच दिसतं, आत्ती म्हणाली बासुंदी गार होतेय (गारच असते बासुंदी, पण तिला बिचारीला दुसरं काही सुचलं नाही), आणि हात धुतले न धुतले तोवर तू हेल्मेट उचललंस. भांडलास त्याचं मला काही नाही. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ शेकाप आणि काँग्रेसवरून महिनोन्महिने बोलायचे नाहीत, एकमेकांना निरोप द्यायचा तर मला सांगायचे, मी नवीन सून, मी आपली या खोलीतून त्या खोलीत. पण झोपायला दोघं एकाच माडीवर. तेव्हा भांडून निघून जायला दारात गाडीच नव्हती, म्हणून नाती टिकली असं माझं स्वच्छ मत आहे. आता राग आला की किल्ली फिरवायची आणि सुटायचं, आणि तेही रात्री, आणि पुण्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, आणि पोचल्यावर फोन नाही, सकाळी उठून बघते तर ‘लेफ्ट द ग्रुप’. बरं. आला विषय. सोडते.

काकांची बाजू पण जरा ऐकून घे. हा माणूस तू जन्मायच्या आधीपासून या खंडपीठासाठी काळा कोट घालून रस्त्यावर बसतोय. पक्षकाराला घेऊन रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसायचं, सकाळी मुंबईत उतरून कुठंतरी तोंड धुवायचं, हायकोर्टात उभं राहायचं, तारीख पडली की संध्याकाळी परत गाडीत. पक्षकार कधी आजऱ्याचा, कधी पार सावंतवाडीचा, त्याचा निम्मा पैसा प्रवासातच जायचा. चाळीस वर्षांहून जुनी मागणी ही. यंदा 17 ऑगस्टला सरन्यायाधीश गवईसाहेब आले, उद्घाटन झालं, 18 तारखेपासून सर्किट बेंच सुरू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे आता इथं येतात. काकांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि संध्याकाळी आमच्याकडं येऊन काही न बोलता अर्धा तास बसून राहिले. त्यांच्यापुढं तू म्हणणार की हे सगळं मतांसाठी केलं. अरे केलं असेल! मतांसाठी का होईना केलं की! मतांसाठी सुद्धा न झालेली कामं मी तुला इथून शिरोली नाक्यापर्यंत मोजून दाखवते.

पण यादीचं तुझं बरोबर आहे, ते मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही कारण काकांच्या ताटात अजून पुरी होती. आपल्याच घरचं बघ, आबा गेले तरी अजून यादीत आहेत. फॉर्म भरायचं काम पप्पांवर सोपवलंय, म्हणजे आबा अजून दोन निवडणुका तरी जगणार. परवा यादी चाळताना पप्पा म्हणाले वय कितीही वाढलं तरी फोटो तोच, बरा दिसतोय म्हातारा, आणि मग गप्प झाले. असो.

राजकारणावर माझं मत तुला हवं असो नसो, सांगतेच. 2019 च्या नोव्हेंबरात त्या पहाटेच्या शपथविधीच्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून टीव्ही लावला, आणि दूध गेलं. तेव्हापासून मी बातम्या गॅस बंद करूनच बघते. ती सवय फार उपयोगी पडली, कारण नंतर 22 साली गुवाहाटी झालं, 23 साली घड्याळाचं झालं, आता दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, मशाल वेगळी, धनुष्यबाण वेगळा, घड्याळ वेगळं, तुतारी वेगळी. काकांचा पक्ष कुठला हे काकांनाच नीट सांगता येत नाही, ते म्हणतात मी होतो तिथंच आहे, पक्ष इकडं तिकडं गेला. आणि या असल्या गोष्टीवरून तू सख्ख्या काकाशी बोलणं टाकतोस. 5 जुलैला वरळीत उद्धव आणि राज एका स्टेजवर आले तेव्हा आत्ती टीव्हीसमोर रडली, तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, भाऊ भाऊ भेटले एवढंच तिचं. ते जवळजवळ वीस वर्षांनी भेटले. तू कृपया वीस वर्षं लावू नकोस, काकांची शुगर बघता तेवढा वेळ नाही.

आणि हसायला कमी आहे का रे या राज्यात? कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसले असा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो, आणि पुढं त्यांचं खातं बदलून त्यांना कुठलं दिलं तर क्रीडा! हे मी वर्गात निबंधात वाचलं असतं तर लाल पेनानं ‘अतिशयोक्ती’ लिहिलं असतं. त्या रात्री काका आणि पप्पा दोघं एकत्र हसले, वेगवेगळ्या पक्षांचे असून. असं हसत भांडता येत नाही का?

इथं आता निवडणुकीचा वास सुटलाय. नगरपालिकांचं 2 डिसेंबर जाहीर झालं, आपल्या महापालिकेचं पण होईल म्हणतायत. 2015 ला शेवटची झाली, 2020 पासून प्रशासक, म्हणजे तू कॉलेजात असल्यापासून आपल्याला नगरसेवकच नाही. पण भावी नगरसेवक मात्र गल्लीत चौघं आहेत. दिवाळीत उटण्याची पाकिटं इतकी आली की पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील, प्रत्येकावर फोटो, आणि फोटोत प्रत्येकाचा हात जोडलेला. मी चौघांनाही सांगितलं, कोपऱ्यावरचा खड्डा बुजवा, मत तुमचं. चौघंही हो म्हणाले. खड्डा आहे. तुझी बाईक तिथंच आपटली होती गणपतीत, आठवतंय ना, आणि तू मला म्हणालास काही नाही नुसतं खरचटलंय, आणि पँट मी धुतली, मला माहितीय किती खरचटलं होतं.

शेजारच्या वहिनींचं एक सांगायचं राहिलं. लाडकी बहीणचं ई-केवायसी करायचं होतं, त्या मोबाईल घेऊन माझ्याकडं आल्या, टीचर तुम्ही करून द्या. स्वतःचं आधार झालं, मग नवऱ्याचं आधार मागितलं, तेही टाकलं, आणि ओटीपी काही येईना. पुन्हा टाकला, येईना. शेवटी भावजींना विचारलं तुमच्या आधारला कुठला नंबर आहे, तर म्हणे तो नंबर गेला. कुठं गेला? महादेवी हत्तीण जुलैत नांदणीच्या मठातून गुजरातला अंबानींच्या वनतारात नेली ना, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं होतं, लोक अंबानींच्या जिओचं सिम सोडून दुसरीकडं पोर्ट करत होते, आमच्या भावजींना पोर्ट वगैरे काही माहीत नाही, त्यांनी सिम काढलं आणि सरळ कात्रीनं कापलं. आता हत्तीण तिकडं, नंबर गेला आणि वहिनींचे दीड हजार लटकले. वहिनी म्हणाल्या हत्तिणीवर यांचं इतकं प्रेम कधी कळलंच नाही मला. मी हसून हसून पडायची बाकी होते. पण खरं सांगू, ती हत्तीण गेली त्या रात्रीचे व्हिडिओ बघून मलाही भरून आलं होतं. प्राण्यांचं भलं कशात आहे हे तज्ज्ञ सांगतील, मला कळत नाही, पण माणसं रडत होती ती नाटकी नव्हती.

आणि प्राडा, ती इटलीची महागडी फॅशन कंपनी! जूनमध्ये मिलानला त्यांच्या मॉडेलच्या पायात आपली कोल्हापुरी चप्पल, नाव ना गाव, किंमत म्हणे लाखाच्या वर. मग इथून आरडाओरडा झाला तेव्हा ते म्हणाले हो, भारतातल्या पारंपरिक चपलांवरून घेतलंय. 2019 ला जीआय, म्हणजे हा माल याच भागाचा असा सरकारी शिक्का, मिळालाय आपल्याला, आपल्याला म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक दोघांना मिळून, हे लोक विसरतात. पप्पा दुसऱ्याच दिवशी चप्पल लाईनला जाऊन जुनी पायताणं तेल लावायला देऊन आले, म्हणाले आता ही इन्व्हेस्टमेंट आहे. सोनं तोळ्याला सव्वा लाख झालंय, तेव्हा तू लग्न केलंस तर सुनेला मी बहुतेक चप्पलच घालणार. लग्नाचा विषय नाही काढत. नुसतं म्हटलं.

बरं, पोरींच्या वर्ल्डकपची फायनल मॅच बघितलीस का नाही? तेवढं तरी सांग. मला तुझ्याशी बोलायचं होतं त्या रात्री आणि फोन उचलला नाहीस, मग मी एकटीच बडबडत बसले, पप्पा तर रोहित-कोहली नसले की मॅच नाही म्हणणारे, तेही शेवटी खुर्ची ओढून पुढं आले. सेमीफायनलपासून माझा जीव वर-खाली होत होता. ऑस्ट्रेलियाचे 338, मी म्हटलं झालं, आता भांडी घासून घेऊ. आणि ती वांद्र्याची पोरगी, जेमिमा, 127 नाबाद! म्हणे अंघोळीला गेली होती आणि मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं की तिसऱ्या नंबरला जायचंय. आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की स्पर्धाभर रोज रडत होते, एन्झायटी होती. मला ते शतकापेक्षा मोठं वाटलं. तुमच्या पिढीला हे शब्द तरी आहेत, आम्ही नुसतं डोकं दुखतंय म्हणायचो. तुला काही होत असेल तर तू पण म्हणत जा की. त्या बाईकवर एकटा चार-पाच तास काय काय डोक्यात घेऊन जातोस कुणास ठाऊक. सॉरी.

फायनल 2 तारखेला नवी मुंबईत, पाऊस पडून उशीर, मॅच संपेपर्यंत मध्यरात्र. शफाली तर मूळ संघातच नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून बोलावली आणि तिनं 87 ठोकून वर दोन विकेट काढल्या. दीप्तीच्या 58 धावा आणि पाच विकेट. साऊथ आफ्रिकेची ती वुल्वार्ट शतक करून उभी होती ना, अमनजोतच्या हातातून तिचा कॅच एकदा सुटला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरला, त्या वेळात पप्पांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. शेवटचा कॅच हरमनप्रीतनं उलटं पळत घेतला आणि 52 धावांनी जिंकलो. आणि तो आपला अमोल मुझुमदार! शाळेत असताना सचिन-कांबळीनं 664 केल्या तेव्हा हा पॅड बांधून बसून राहिला, पुढं फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा काढल्या तरी भारताकडून एक मॅच नाही, आणि आता कोच म्हणून वर्ल्डकप. पप्पा रडले. सांगू नकोस मी सांगितलं म्हणून.

स्मृती मानधना सांगलीत वाढली म्हणून आत्तीच्या सांगलीच्या नणंदेनं सकाळी सहाला फोन करून अभिनंदन स्वीकारलं. स्वीकारलं म्हणतेय मी, आम्ही अजून दिलं पण नव्हतं. मी म्हटलं आमची अनुजा पाटील पण भारताकडून खेळलीय, आमचा राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे रेल्वेत टीसी असून पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, आम्ही कधी सहाला फोन केले का? हे पण एक भांडणच, पण अशा भांडणानंतर कुणी ग्रुप सोडत नाही.

2011 च्या रात्री धोनीनं सिक्स मारला आणि तू तेरा वर्षांचा, पप्पांच्या मागं लागलास चौकात जायचं, चौकात जायचं. स्कूटरवर आपण तिघं, तू मधे, पाठीला टॉवेल बांधलेला झेंड्यासारखा, शिवाजी चौकात इतकी गर्दी की स्कूटर ढकलत न्यावी लागली, कुणीतरी तुझ्या तोंडावर गुलाल फासला आणि शाळा उघडली तेव्हा तू अजून गुलाबी तोंडानंच गेलास, बाईंनी काही म्हटलं नाही कारण बाईंच्याही भांगात गुलाल होता. आता पप्पा मला म्हणतात, तेव्हा ट्रिपल सीट विदाऊट हेल्मेट मागं बसायला काही वाटलं नाही तुला. ते वेगळं. तेव्हा आम्ही बरोबर होतो.

हे बघ, एकदाच सांगते आणि मग परत नाही. 1 तारखेपासून गाळप हंगाम सुरू झालाय. हायवेवर रात्री ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, तू ऐंशीनं येणार आणि तुला ती दिसणार कधी तर पोचल्यावर. त्यात सहापदरीचं काम, कुठं डायव्हर्जन आहे कुठं नाही, कालचा रस्ता आज नसतो, कऱ्हाडला काय चाललंय ते तूच बघितलंयस. खंबाटकीत ट्रक. दाजींचं झालं ते पेठनाक्याच्या अलीकडंच, तेही म्हणायचे मी हळूच चालवतो. वंदे भारत आहे आता, आठवड्यातून तीनदा येते पुण्याहून, दुपारी सव्वादोनला बसलास की आठच्या आत घरात. तू म्हणशील शुक्रवारी दुपारी मीटिंग असते. मग रात्रीची एसटी आहे स्वारगेटहून, झोपून ये. हिंजवडीतून स्वारगेटला यायलाच दोन तास लागतात हे मला पाठ आहे, नको सांगूस. सत्तावीस वर्षांचा घोडा झालास, पगार माझ्या पेन्शनच्या दुप्पट-तिप्पट, इन्शुरन्स काढलास का? त्याच्यावरचा जीएसटी पण काढून टाकलाय सप्टेंबरपासून, आता कसलं कारण. जेवण रोज ॲपवरून. रात्री दोनला ‘ऑनलाइन’ दिसतोस. दूध पीत नाहीस.

झालं माझं लेक्चर. तीस वर्षं पोरांना ओळीत उभं केलं, सवय जात नाही. मनावर घेऊ नकोस, म्हणजे घे, पण रागावू नकोस.

तुला एक माहीत नाही. 2019 च्या पुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही, तू कॉलेजचा पोरगा, ती जुनी सेकंडहँड गाडी काढून पेठापेठांतून चपात्यांची पाकिटं पोचवत होतास, गुडघाभर पाण्यातनं. मी तेव्हा तुला रोज ओरडायची. आणि तू बाहेर पडलास की फोन लावून सगळ्यांना सांगायची, आमचा बाळ्या गेलाय मदतीला, अजून जेवला पण नाही. काकांनी तर त्यांच्या बार रूममध्ये तुझा फोटो दाखवला होता, अजून त्यांच्या फोनमध्ये आहे तो. परवा बेंचच्या आवारात कुणी विचारलं पुतण्या काय करतो, तर म्हणाले आयटीत आहे, पण मुद्देसूद भांडतो, वकील व्हायला पाहिजे होता. हे मला त्यांच्या ज्युनिअरनं सांगितलं, ते स्वतः सांगणार नाहीत. तू फोन केलास तर पहिलं वाक्य मतदार यादीवर नको एवढंच, तब्येत विचार, शुगर विचार, मग तिसऱ्या मिनिटाला यादीवर ये. त्यांनाही ते आवडेल, घरात त्यांच्याशी भांडायला आता कोणी उरलं नाही, पप्पा तर सगळ्याला हो म्हणतात.

काल त्रिपुरारीला पहाटे मी आणि आत्ती पंचगंगेवर गेलो होतो, घाट पणत्यांनी भरलेला, गर्दी एवढी की पणती लावायला जागा मिळेपर्यंत आत्तीची साडी भिजली. तुझ्या नावाची एक लावली. आत्तीनं विचारलं काय मागितलंस, मी म्हटलं याला ट्रेनचं रिझर्वेशन मिळू दे.

चिवडा संपला असेल. वरच्या मजल्यावरचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय कारनं, त्याच्याबरोबर डबा, शेंगदाण्याची चटणी आणि तुझा राहिलेला चार्जर देतेय. डबा परत पाठव, मागचे दोन अजून आलेले नाहीत. महापालिकेची तारीख लागली की मतदानाला ये, आपल्या प्रभागात एक बाई उभी राहतेय, मला ती बरी वाटते, काकांना वाटत नाही, त्यावर आल्यावर बोलू. ग्रुपची लिंक खाली देतेय, गुपचूप जॉइन हो, कोणी काही म्हणणार नाही. म्हटलंच तर आत्ती म्हणेल.

तुझी,
आई

ता. क. वाचून पप्पा म्हणतायत, हेल्मेटची काच ओरखडे पडून धुरकट झालीय, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरतो, ती बदल, आणि मागच्या टायरचं बघ. ते रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पण डब्यात घालतायत, चटणीच्या खाली बघ. हा विषय त्यांनी काढलाय, मी नाही.